बोटीवरचा भात कोण शिजवतो?

गेली दोन व्याख्यानं आपण 'श्रम' या शब्दाभोवती फिरतो आहोत. मागच्या वेळी अगदी शेवटी एका बाईंनी विचारलं होतं, "सर, घरकामाला श्रम म्हणायचं की नाही, ते एकदा स्पष्ट सांगा." मी म्हटलं होतं, याचं उत्तर घरात बसून सापडत नाही, त्यासाठी बोटीवर जावं लागेल. लोक हसले. पण ते मी गमतीने म्हटलं नव्हतं. घरकाम घरात दिसत नाही, कारण ते सगळीकडे असतं. नळाचं पाणी, भिंतीआडची मोरी, ओट्याखालचं डस्टबिन, यांच्यात ते मुरून जातं. तेच घर उचलून चाळीसपन्नास फुटांच्या लाकडी बोटीत ठेवा आणि किनाऱ्यापासून लांब न्या. मग प्रत्येक काम सुटं होऊन डोळ्यासमोर येतं. कोण करतं, किती वेळ करतं, नाही केलं तर काय होतं, सगळं मोजता येतं. म्हणून आजचा विषय बोटीवरची रोजची कामं.

आता आम्हा तत्त्वज्ञानाच्या मंडळींना नावेचं फार वेड. प्लेटोने 'रिपब्लिक'च्या सहाव्या भागात राज्याला जहाजाची उपमा दिली. जहाजाचा मालक धिप्पाड आहे, पण त्याला कमी ऐकू येतं, नजरही अधू. खलाशी सुकाणूसाठी भांडताहेत. आणि ज्याला तारे, वारे, ऋतू कळतात, तो खरा नावाडी त्यांच्या लेखी निव्वळ आकाशाकडे बघत बसणारा रिकामटेकडा. प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली: एकेक फळी बदलत गेली, सगळ्या बदलल्या, तर जहाज तेच का? बुद्धाने तराफ्याचा दृष्टान्त दिला. पैलतीरी पोचल्यावर तराफा डोक्यावर घेऊन चालू नये. विसाव्या शतकात ऑटो नॉयराट म्हणाला, की आपलं ज्ञान म्हणजे भर समुद्रात असलेलं जहाज. गोदीत नेऊन ते नव्याने बांधता येत नाही, चालू असतानाच दुरुस्त करायचं. क्वाइनने ते वाक्य उचललं आणि १९६० च्या आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलं. आपल्या संतांची भवसागर तरून नेणारी नाव तर तुम्हा सगळ्यांना पाठच आहे.

या सगळ्या नावा मी चाळीस वर्षं वर्गात शिकवल्या. त्यांत एक गोष्ट समान आहे. एकाही नावेवर कुणी भात शिजवत नाही. पाण्याचं पिंप कुठे ठेवलंय, भांडी कोण घासतं, याची चौकशी नाही. नॉयराटचे खलाशी आयुष्यभर फळ्या बदलत राहतात, पण जेवतात काय, ते तो सांगत नाही. तुम्ही म्हणाल, उपमा आहे, उपमेत स्वयंपाकघर कशाला हवं? बरोबर. पण एका उपमेत नसलं तर समजू शकतो. अडीच हजार वर्षांत कुठल्याच उपमेत नसावं, हे जरा विचार करण्यासारखं आहे.

तर आपण खऱ्या बोटीवर जाऊ. ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, मी बोलतोय पालघर तालुक्यातल्या केळव्यातून. इथली निम्मी वस्ती बागायतीची, पानवेलीची. किनाऱ्याला मांगेले, वैती अशा मासेमारी करणाऱ्या समाजांची घरं. आमच्या खाडीच्या तोंडाशी एक छोटा पाणकोट आहे. भरतीला तो पाण्यात असतो, ओहोटीला चालत जाता येतं. त्याच्या आसपास लहान होड्या दिसतात, सकाळी जाऊन दुपारी परतणाऱ्या. मोठ्या बोटी बघायच्या तर उत्तरेला माहीम, वडराई ओलांडून सातपाटीला जायचं. पापलेटसाठी नावाजलेलं बंदर. हा पापलेट २०२३ साली महाराष्ट्राचा राज्य मासा झाला. तिथल्या बोटी चार दिवस, आठवडा, कधी त्याहूनही जास्त बाहेर राहतात. वर तांडेल, त्याच्या हाताखाली सहा-आठ खलाशी. पुढे नाळेकडे जाळी आणि दोर, मधे बर्फाचे खण, मागे छोटी केबिन, तिच्याखाली इंजिन. इंजिनच्या धगीजवळ जी काही मोकळी जागा उरते तिथे झोपायचं, आणि केबिनच्या आडोशाला चूल.

पहिली गोष्ट पाणी. भोवती जिथवर नजर जाते तिथवर पाणीच, आणि पिण्याचं फक्त पिंपातलं. बोटीवर त्याला 'गोडं पाणी' म्हणतात. साखरेचा काही संबंध नाही, खारं नाही ते गोडं. आपण एक साधा हिशोब करू. आठ माणसं, सहा दिवस. माणशी रोज पाच लिटर धरलं, पिणं आणि स्वयंपाक मिळून, तर दोनशे चाळीस लिटर लागतं. जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी दिवसाला पंचावन्न लिटर हे प्रमाण धरलंय. त्या हिशोबाने याच आठ माणसांना सहा दिवसांत दोन हजार सहाशे चाळीस लिटर लागेल. म्हणजे अडीच टनांहून जास्त वजन नुसत्या पाण्याचं! तेवढं पाणी घेतलं तर मासळी आणि बर्फ ठेवायचा कुठे? म्हणजे किनाऱ्यावरच्या पंचावन्न लिटरमधले पन्नास बोटीवर समुद्राने भागवायचे. भांडी समुद्राच्या पाण्याने, बोट धुणं समुद्राच्या पाण्याने, अंघोळ केलीच तर तीही त्यानेच. खाऱ्या पाण्यात साधा साबण फेसाळत नाही, नुसता चिकट थर धरतो. तांदूळसुद्धा आधी खाऱ्या पाण्यात धुवायचा, शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा. एक जुने खलाशी मला म्हणाले, "सर, घरी आलो की पहिले दोन दिवस नळाखाली हात धरवत नाय. पाणी फुकट जातंय असं वाटतं."

हे वाक्य तुम्ही नीट ऐका. पाण्याचं मोल त्यांना कुणी प्रबोधन करून शिकवलेलं नाही. पिंपात दिसणाऱ्या पातळीने शिकवलं. तांडेल रोज सकाळी त्या पातळीकडे बघतो आणि डिझेलकडे बघतो. मासळी चांगली लागत असली तरी अजून एक दिवस थांबायचं की परतायचं, हे त्या दोन पातळ्या ठरवतात. म्हणजे निर्णय मासेमारीचा, पण तो स्वयंपाकाच्या पाण्यावर अडतो. मुख्य काम आणि दुय्यम काम अशी जी फोड आपण करतो, ती इथे पहिल्या पिंपापाशीच मोडते.

आता चूल. पूर्वी पत्र्याच्या डब्यात वाळू-माती घालून त्यावर लाकडं जाळत. नंतर रॉकेलचा स्टो आला, आता गॅसची शेगडी. बोट लाकडाची, शेजारी डिझेल, खाली इंजिन. वारा कुठून येईल सांगता येत नाही आणि जमीन म्हणाल तर ती सतत डावी-उजवीकडे कलते आहे. या परिस्थितीत आठ माणसांचा भात करायचा. पातेलं खोल लागतं आणि ते काठोकाठ कधी भरायचं नाही. शेगडीला अडसर लावायचा, पातेलं बांधून ठेवायचं, आणि भात होईपर्यंत तिथून हलायचं नाही. ताज्या मासळीची तोटा नसतो, त्यामुळे कालवण रोज. मसाला, चिंच किंवा आमसूल, कांदा-बटाटा घरून आणलेला. पहिले एक-दोन दिवस घरच्या भाकऱ्या. चहा मात्र सारखा. खराब हवेत चूल पेटवता येत नाही, तेव्हा बिस्किटं आणि शिळा भात.

आणि जेवणाची वेळ? ती घड्याळावर नसते. गळजाळी रात्री पाण्यात सोडलेली असतात, पहाटे ओढायची. डोलीच्या जाळ्याचं गणित आणखी वेगळं. ते भरती-ओहोटीच्या ओढीवर उभं राहतं, आणि पाणी थांबतं तेव्हा उचलायचं. पाणी रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकतं. आपल्याकडे एक जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावस्येला गणती पुन्हा सुरू. ढोबळ आहे, जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण या किनाऱ्यावर चालतं. म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यालाही तिथी माहीत हवी. जाळं ओढायला सगळे हात लागणार, त्याचेही लागणार, त्याआधी लोकांच्या पोटात काहीतरी गेलं पाहिजे. आमच्याकडे पंचांग पाहून उपास करतात. बोटीवर पंचांग पाहून जेवतात.

बाकीची कामं भराभर सांगतो. लाकडी बोटीत थोडं पाणी झिरपतंच, ते उपसायचं. आता त्याला पंप आहे, पण पंप बंद पडला तर बादली आहे. जाळं ओढल्यावर मासळी निवडायची, धुवायची, बर्फात थराथराने लावायची. आपल्या हवेत ढोबळमानाने जेवढी मासळी तेवढा बर्फ. फाटलेलं जाळं तिथेच सांधायला घ्यायचं. नायलॉनच्या आधी सुताची आणि सणाची जाळी होती, ती सालीच्या काढ्यात बुडवून वाळवावी लागत, नाहीतर कुजत. ते एक मोठं काम गेलं. रात्री पाळीपाळीने जागायचं, कारण मुंबई आणि गुजरातकडे जाणारी मोठी जहाजं याच पाण्यातून जातात आणि त्यांना लहान बोट दिसेलच असं नाही. संडासाचं काय, असं कुणी विचारत नाही, पण सगळ्यांच्या मनात असतं. बहुतेक बोटींवर तो नाहीच. मागच्या बाजूला दोर धरून बसायचं. रात्री, वाऱ्यात, झोपेत. सोबत कुणी जागं नसेल तर ते किती धोक्याचं आहे, हे वेगळं सांगायला नको. बोटबांधणीच्या चर्चेत इंजिनच्या ताकदीवर पानंच्या पानं लिहिली जातात. संडासाची जागा त्यात कुठेच नसते. मला तरी हे नॉयराटच्या जहाजाइतकंच तत्त्वज्ञानी वाटतं.

पावसाळ्याचा वेगळा अध्याय. अलीकडच्या वर्षांत आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा बोटी वर ओढून शाकारतात, म्हणजे झावळ्या, ताडपत्री घालून झाकतात. तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, फटी भरायच्या, रंग-तेल करायचं. थीसियसची फळी इथे खरोखर बदलली जाते. फळी बदलल्यावर बोट तीच राहिली का, असा प्रश्न मी एका सुताराला विचारला होता. तो म्हणाला, "नाव आणि नंबर तोच आहे ना?" ग्रीकांचा प्रश्न परवाना कार्यालयाने सोडवलाय.

इथे मला हॅना आरेंट यांचा उल्लेख केला पाहिजे. १९५८ च्या 'द ह्यूमन कंडिशन'मध्ये त्यांनी माणसाच्या करण्याचे तीन प्रकार केले. एक, जगण्यासाठी पुन्हा पुन्हा करावे लागणारे कष्ट, ज्यातून मागे काही उरत नाही. रांधलं, खाल्लं, संपलं. दुसरं, निर्मिती, जिच्यातून टिकाऊ वस्तू उरते: टेबल, इमारत, बोट. तिसरी, चारचौघांत बोलून-ठरवून केलेली कृती. बाई मोठ्या विचारवंत, आणि ही फोड शिकवायला फार सोयीची आहे. मात्र सोय झाली म्हणून ती बरोबर ठरत नाही. बोटीवर ती टिकत नाही. भात संपतो हे खरं, पण भातावाचून जाळं वर येत नाही. पाणी उपसण्यातून काहीच उरत नाही, फक्त बोट उरते! जी वस्तू 'टिकाऊ' म्हणून आपण निर्मितीच्या खात्यात टाकतो, ती टिकते ती रोज कुणीतरी उपसतं म्हणून. आणि किती दिवस थांबायचं, हा जो सगळ्यांनी मिळून करायचा निर्णय, तो पाण्याच्या पिंपाजवळ उभं राहून होतो. तीन कप्पे नाहीत, एकच खण आहे.

आता मी मुद्द्याच्या मुद्द्यावर येतो. स्वयंपाक करणारा कोण असतो? खलाशांपैकीच एक. बहुधा वयाने लहान, नवीन आलेला. जुन्या गलबतांवर आणि मोठ्या जहाजांवर त्याला 'भंडारी' म्हणत. आडनावाशी गल्लत करू नका. घरी ज्याने कधी चहाचा कपही विसळला नसेल, तो पोरगा बोटीवर रांधतो, वाढतो आणि उष्टीही काढतो. 'रांधा, वाढा, उष्टी काढा' ही आपल्या भाषेतली बाईच्या जन्माची व्याख्या. ती बोटीवर पुरुष जसीच्या तशी जगतो, आणि त्याच्या पुरुषपणाला काही होत नाही. का होत नाही? माझ्या मते, कारण त्याला वाटा आहे.

पारंपरिक पद्धत अशी, की मासळीचे जे पैसे आले त्यातून डिझेल, बर्फ, शिधा हा खर्च वजा करायचा, आणि उरलेल्याचे वाटे पाडायचे. बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा, खलाशांचा. गावागावांत प्रमाण वेगळं. पण भात शिजवणारा त्या हिशोबात असतो. नवखा म्हणून कमी असेल, पण असतो. बोट, म्हणजे लाकूड, तिलाही वाटा आहे. जाळं, म्हणजे दोरा, त्यालाही आहे. जे जे नसेल तर मासळी येणार नाही, त्याला वाटा, असं ते तत्त्व आहे. कुठल्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकाइतकं स्वच्छ.

आता शिध्याचं पोतं उघडून बघा. तांदूळ, तेल, चहा-साखर दुकानातून आली, त्याची पावती आहे, ती खर्चात जाते. मसाला घरी भाजून कुटलेला. सुके बोंबील, जवळा घरी वाळवलेला, निवडलेला. पहिल्या दोन दिवसांच्या भाकऱ्या पहाटे तीनला उठून केलेल्या. याची पावती नाही. पोरग्याने बोटीवर भाकरी केली तर त्याचा वाटा, आणि तीच भाकरी त्याच्या आईने किनाऱ्यावर करून बोटीवर दिली तर? मासळी तीच, भूक तीच, पीठ तेच. फक्त भाकरी थापणारे हात आणि जागा बदलली, आणि कामाचं नाव 'श्रम' वरून 'माया' झालं. मायेला माझा आक्षेप नाही. पण बोटीच्या फळीलाही वाटा देणारं आपलं तत्त्व इथेच का अडखळतं, हे विचारायला हवं.

मच्छीमार समाजात बाईच्या हातात पैसा असतो, बाजार तीच करते, असं लगेच कुणीतरी म्हणेल. खरं आहे. पालघर-बोईसरचा बाजार असो की विरारच्या दिशेने जाणारी लोकल, टोपली तिचीच. भाव ती ठरवते, उधारी ती लक्षात ठेवते. पण तो वाटा विक्रीचा. मसाल्याचा, भाकरीचा, घरच्या नळावर भरलेल्या कॅनचा नाही. आणि बाजारातून आल्यावर संध्याकाळी घरची चूल असतेच.

हे फक्त आपल्या किनाऱ्याचं आहे असं समजू नका. इंग्लंडमध्ये कालव्यांवर चिंचोळ्या लांब बोटी चालत. रुंदी सात फुटांहून किंचित कमी, लांबी बहात्तर फुटांपर्यंत, कारण कालव्यांचे दरवाजेच तेवढ्या मापाचे. कोळसा, लोखंड, चिनी मातीची भांडी यांची वाहतूक. आधी त्यावर पगारी पुरुष असत. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, भाडी पडली, पगारी माणूस परवडेना. मग बोटवाल्यांनी किनाऱ्यावरची घरं सोडली आणि बायकामुलं बोटीवर आणली. मालासाठी बहुतेक सगळी बोट, आणि कुटुंबाला मागची दहा फूट लांबीची कोठडी. त्यात शेगडी, दिवसा कपाट आणि रात्री पलंग होणारी फळी, आणि पाच-सहा माणसं. पिण्याचं पाणी छपरावरच्या रंगवलेल्या हंड्यात. ते हंडे आता पर्यटक शोभेसाठी विकत घेतात. बायको सुकाणू धरी, दरवाजे उघडी, घोडा हाकी, वर स्वयंपाक आणि मुलं. पैसे मिळत ते खेपेचे, टनावर, आणि ते नवऱ्याच्या हातात. म्हणजे जे काम पगारी माणूस करत होता तेव्हा त्याला मजुरी होती. बायको करू लागल्यावर ती मजुरी नुसती नाहीशी झाली. काम तेवढंच राहिलं.

जॉर्ज स्मिथ नावाच्या गृहस्थाने या कुटुंबांच्या हालांविषयी सातत्याने लिहिलं, आणि १८७७ मध्ये कालव्यावरच्या बोटींचा कायदा झाला. बोटीची नोंदणी, कोठडीत किती माणसांनी राहायचं याची मर्यादा, मुलांची शाळा. चांगला कायदा. त्यात कोठडीची हवा मोजली, माणसं मोजली. बाईची मजुरी मोजली नाही.

आज त्याच बोटींवर लोक हौसेने किंवा लंडनचं घरभाडं परवडत नाही म्हणून राहतात. ज्यांनी कायमची जागा घेतलेली नाही, त्यांना साधारणपणे एका ठिकाणी चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. टाकीत पाणी भरणं, संडासाचा डबा उचलून नेऊन रिकामा करणं, कोळसा, राख. आमचे एक नातेवाईक तिकडे असतात, ते म्हणाले, बोटीवर राहायला गेलेलं जोडपं पहिलं भांडण करतं ते डबा कोणी रिकामा करायचा यावरून. किनाऱ्यावरच्या घरात हे भांडण होत नाही, कारण तिथे फ्लश आहे. म्हणजे भांडण भुयारी गटारात वाहून जातं.

आपल्या बाजूला परत येऊ. एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मी बोटीचं फारच गोड चित्र काढलं असं होईल. वाट्याची पद्धत मागे पडते आहे. हंगामाचा ठरलेला पगार, आगाऊ उचल, असं आता बऱ्याच ठिकाणी चालतं. खलाशी आतल्या आदिवासी भागातून येतात, परराज्यांतून येतात. डहाणू-तलासरीकडची पोरं गुजरातच्या बोटींवर जातात, आणि त्यांतली काही सरहद्द ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानच्या तुरुंगात पोचतात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. घरची बाई त्या तारखांची वाट बघते. तोवर शेत, मुलं, म्हातारी माणसं, पाणी, सरपण, सगळं तिच्या एकटीवर. बोटीवर त्याच्या नावाने उचल घेतलेली असते. तिच्या या वर्षांची नोंद कुठल्याच वहीत नसते.

एक आकडा देतो आणि पुढे जातो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात असं दिसलं, की देशात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी दोनशे नव्व्याण्णव मिनिटं वेळ जातो. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा सत्त्याण्णव मिनिटं. आणि 'घरकाम करणारे पुरुष' हेच मुळात चारातले जेमतेम एक. न्यायालयांनी या कामाची किंमत धरली आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये अपघाताच्या भरपाईच्या एका प्रकरणात गृहिणीचं मानीव उत्पन्न धरायला हवं, हे ठासून सांगितलं. निकाल योग्यच आहे. पण तुम्ही त्यातली गोष्ट लक्षात घेतलीत का? किंमत ठरली ती बाई अपघातात गेल्यावर. बोटीवर वाटा जिवंतपणी मिळतो.

वेळ झाली आहे. दोन प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न आलाय: "म्हणजे नवऱ्याने बायकोला पगार द्यायचा का?" नाही, मी पगार म्हटलंच नाही, वाटा म्हटलं. दोन्हींत फरक आहे. पगार मालक देतो आणि तो देऊन मोकळा होतो. वाट्यात देणारा-घेणारा वेगळा नसतो. खर्च सगळ्यांचा, तोटा सगळ्यांचा, आणि मासळी आली नाही तर तांडेलही उपाशी. शिध्याच्या यादीत घरच्या मसाल्याचा आणि भाकरीचा भाव लावून ती रक्कम जिने केलं तिच्या नावाने काढली, तर ते कुठल्या कायद्याची वाट न बघता पुढच्याच हंगामात करता येईल. एका बोटीने केलं तरी आकडा दिसेल. कदाचित तो डिझेलच्या शेजारी फार लहान दिसेल. कदाचित नाही दिसणार. पण लिहिल्याशिवाय ते कळायचं कसं?

दुसरा प्रश्न: "त्या इंग्लंडच्या बोटींवरच्या बायकांना पुढे मजुरी मिळाली का?" याचं उत्तर जरा गमतीचं आहे. दुसऱ्या महायुद्धात पुरुष कमी पडले, म्हणून सरकारने शहरांतल्या बायकांना प्रशिक्षण देऊन लंडन-बर्मिंगहॅम कालव्यावर मालवाहतुकीसाठी घेतलं. तिघींची एक तुकडी, दोन बोटी, कोळसा आणि धातूची खेप. त्यांना मात्र रीतसर पगार होता. ज्या कामाला बोटवाल्यांच्या बायका-मुली पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबल्या, तेच काम. या पगारी बायकांच्या बिल्ल्यावर अंतर्गत जलमार्गाची दोन आद्याक्षरं होती, 'आय' आणि 'डब्ल्यू'. त्यावरून लोकांनी त्यांना नाव पाडलं 'आयडल विमेन'. म्हणजे रिकामटेकड्या बायका.